कोणाच्या घरचं विरजण

९ जानेवारी १९८४, सोमवार

आज दवाखान्यात कौशल्याचे हात ओल्या फडक्याने पुसताना एकदम खळीचा वास आठवला. ती लग्न होऊन आली त्या वर्षीचा. सकाळी गल्लीत सुताचा ताणा पसरलेला. एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला ती, मध्ये ज्वारीच्या पिठाच्या आंबवलेल्या खळीचं मडकं. मला तो आंबूस वास सोसत नसे. कॉन्व्हेंटमधून थेट कोष्ट्याच्या घरात आलेली मी – कार्बोलिक साबणाची सवय! नाकाला पदर लावून कुंचा फिरवत होते. धाकटी जाऊ, नवी नवरी, पण तिने खळीत बुडवलेलं बोट सरळ माझ्या नाकाला लावलं. म्हणाली, आता नाक लपवून फायदा नाही, काम उरकून घ्या. दोघी इतक्या हसलो की दोन धागे तुटले. सासूबाईंनी दोघींनाही ते सांधायला बसवलं.

तेच हात आता काटक्या झाले आहेत. बांगड्या कोपरापर्यंत सरकतात.

पायाला गळू झालं होतं. कॅप्सूल घेतल्या, गळू बरं झालं. आणि मग जुलाब सुरू झाले ते थांबतच नाहीत. धंतोलीतल्या या दवाखान्यात आणून कित्येक आठवडे झाले. औषध चालू असेतो थांबतात, बंद केलं की चार दिवसांनी पुन्हा तेच. डॉ. उमाठे आज श्रावणला बाजूला घेऊन म्हणाले की आणखी एकदा असं उलटलं तर तिचं शरीर तग धरणार नाही. श्रावण तिचा एकुलता मुलगा. जिन्यात जाऊन उभा राहिला. मी गेले नाही मागे. पुरुषांना असं बघितलेलं आवडत नाही.

११ जानेवारी

पुन्हा सुरू.

१३ जानेवारी, शुक्रवार

डॉ. उमाठ्यांनी आज वेळ काढून समजावलं. वयाने श्रावणएवढेच असतील. इंग्रजीत सुरू करतात, मग माझ्याकडे बघून मराठीत येतात, मग मीच इंग्रजीत विचारते आणि दोघेही गोंधळतो.

म्हणाले, आतड्यात जंतूंची मोठी वस्ती असते. ते शत्रू नाहीत, शेजारी आहेत. गल्लीत माणसांचा राबता असला की चोर शिरत नाही. कॅप्सूलींनी गळवातले जंतू मारले, ते योग्यच होतं, पण पोटातली गल्लीही रिकामी झाली. एक दांडगा जंतू मात्र उरला. तो औषध आलं की बीसारखा दडून बसतो, औषध गेलं की उगवतो आणि विष सोडतो. आतड्यांच्या या दुखण्याचं कारण हा जंतू आहे हे कळून सहा-सात वर्षंच झाली म्हणे.

मला सिस्टर ॲग्नेस आठवल्या. आरोग्याच्या तासाला फळ्यावर जंतूंची काळी चित्रं काढायच्या, शिंगं असलेली. आम्ही मुली रात्री हात धुऊन धुऊन झोपायचो. शिंगवाल्यांचे शेजारी झाले, आणि हे ऐकायला मला साठीला यावं लागलं!

मी विचारलं, मग उपाय? जरा घुटमळले. परदेशात काही डॉक्टरांनी केलंय, गेल्याच वर्षी त्याबद्दल छापून आलंय. निरोगी माणसाचा मळ घ्यायचा, मिठाच्या पाण्यात कालवून गाळायचा आणि एनिम्याने रोग्याच्या आतड्यात सोडायचा. शेजारी परत वसवायचे. नागपुरात त्यांनी स्वतः कधी केलेलं नाही. कुणी केल्याचं ऐकलंही नाही.

दही का चालत नाही, मी विचारलं. तर म्हणाले, दह्यातले जंतू पाहुणे. येतात, जातात. घर करणारे हवेत.

मग कौशल्याच्या खाटेशी गेलो. तिला कसं सांगावं त्यांना सुचेना. शेवटी म्हणाले, आजी, दूध फार उकळलं की त्यात काही उरत नाही. तसं तुमच्या पोटाचं झालंय. आता विरजण लावावं लागेल.

कौशल्याचा चेहरा किती दिवसांनी खुलला. “लावा न मंग. इतके दिवस काहून नाही सांगतलं?”

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी पिशवीची चेन लावत बसले.

१४ जानेवारी, संक्रांत

तिळाचा कण तिच्या ओठाला लावला. गोड बोल म्हटलं, तर म्हणाली, विरजण कोणाच्या घरचं आणून राहिले ते आधी सांगा. कोणाही घरचं चालत नाही. रामटेकच्या वच्छलाबाईचं आणा, तिचं दही सुरीनं कापावं लागते. आणि दिवेलागणीच्या आत आणा.

तिला अजून दहीच वाटतंय.

१६ जानेवारी, सोमवार

वच्छलाबाई सकाळच्या बसने आली. कौशल्याची मामेबहीण. मांडीवर स्टीलचा डबा, डब्यावर ओलं फडकं. रस्ताभर कुणाला धक्का लावू दिला नाही म्हणाली. कंडक्टरशी भांडली. नर्सच्या हातात डबा देऊन सांगते, “पहिले एक चमचा लावा, मंग बाकीचं तुमी खा.” नर्स बिचारी डब्याकडे बघते, माझ्याकडे बघते. तिला डॉक्टरांनी सगळं सांगितलेलं होतं. हसू आवरत बाहेर पळाली.

दही मात्र खरंच कापावं लागलं.

गेल्या आठवड्यात मी डॉक्टरांना म्हटलं होतं, माझंच घ्या. ताप नाही, खोकला नाही, कित्येक वर्षांत औषधाची गोळी नाही. शुक्रवारी नमुना दिला होता, घरातल्या सगळ्यांची तपासणी म्हणून सून गोपिकाचाही घेतला होता, श्रावणचाही. श्रावण परवापर्यंत दाढेसाठी गोळ्या खात होता म्हणून बाद. आज डॉक्टर म्हणाले, “तुमचं नको, बाई. तुमचं पुन्हा एकदा बघू. सुनेचं उत्तम आहे.”

नापास! आयुष्यात प्रथमच, आणि कशात ते कुणाला सांगताही येणार नाही. वाईट वाटलं हे मात्र खरं. तिच्या उपयोगाला मी यावं असं मनात होतं. वय झालं, दुसरं काय.

पण गोपिकाचं! देवा.

१७ जानेवारी, मंगळवार

हे इथे नीट लिहून काढते म्हणजे मला स्वतःला कळेल.

गोपिका श्रावणची बायको. पारशिवनीकडची, दुसऱ्या जातीची. दोघांनी आपल्या मनाने लग्न केलं. सहा वर्षं झाली, कौशल्याने तिच्या हातचं पाणी घेतलेलं नाही. भांडण नाही, शिव्या नाहीत. वरच्या मजल्यावर त्यांची चूल, खाली आमची. सणाला गोपिका ताट घेऊन खाली येते, उंबऱ्यापाशी ठेवते, कौशल्या म्हणते ठेव, आणि ते ताट मी आणि शेजारची मुलं खातो. गोपिकाला हे माहीत आहे. तरी ती दर सणाला आणते.

आज तिला वर जाऊन सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. निवडतच राहिली.

मी म्हटलं, कौशल्याला दहीच वाटतंय, वाटू दे. जीव वाचल्याशी कारण.

“मी देतो, मोठी आई. पन त्यायले सांगून. चोरून त्यायच्या पोटात मी काही घालत नाही.”

मी म्हटलं, ती नाही म्हणेल.

“मंग नाही म्हणतीन. सहा वर्षं पुढून घेऊन गेलो ताट. आता मागून लपवून नेऊ काय?”

श्रावण तिच्यावर चिडला, अट कसली घालतेस, आई मरून राहिली तिकडे. ती सूप उचलून आत गेली. मला तिची बाजू समजली. श्रावणचीही समजली.

डॉक्टर म्हणतात, शनिवारच्या पुढे थांबू नका.

१८ जानेवारी

दिवसभर खाटेशी बसले. सांगितलं नाही. तिने दोनदा विचारलं, विरजण लागलं का. मी म्हटलं लागेल.

१९ जानेवारी, गुरुवार

सांगितलं.

दुपारी सलाइनची बाटली बदलून नर्स गेली तेव्हा. वच्छलाबाई जेवायला गेली होती. मी खुर्ची जवळ ओढली. आडून आडून सुरुवात केली, वस्ती, शेजारी, घर करणारे – तिने हात वर करून थांबवलं. “बाई, तुमी इंग्रजी शाळेतल्या. तुमाले खोटं बोलता येत नाही. दही नोहे न ते?”

नाही म्हटलं. काय आहे ते सांगितलं. साध्या शब्दांत. तिला कळेल असा दुसरा शब्द नाहीच.

ती छताकडे बघत राहिली. नाकपुड्या आकसल्या. मग विचारलं, कोणाचं.

गोपिकाचं.

भिंतीकडे तोंड केलं. सलाइन थेंब थेंब पडत होतं. मी हनुवटीखाली हात जोडून बसले. प्रार्थना म्हणावी तर कोणती, मला दोन्हीकडच्या येतात आणि एकही आठवेना.

शेवटी भिंतीकडूनच आवाज आला. “तिले विचारलं कोनी? का तशीच लोटून राहिले तिले?”

विचारलं म्हटलं. ती देते म्हणाली. फक्त तुला सांगून. चोरून देणार नाही म्हणाली.

“असं म्हनली?”

हो म्हटलं.

मग कूस वळवायला लागली, मी धरलं. डोळे कोरडे होते. मला वाटलं आता नाही म्हणणार.

“मंग तिले आधी बोलवा. पह्यले तिच्या हातचं पानी पाजा मले. खालून घ्याचं अन् वरून नाही, हे कोनतं सोवळं होय?”

मला हसू आलं आणि रडू आलं. दोन्ही एकाच वेळी आलं की ठसका लागतो. नर्स धावत आली, तिला वाटलं कौशल्याला काही झालं.

संध्याकाळी गोपिका आली. दारातच थांबली, सवयीने. कौशल्या म्हणाली, “आत ये वं. तिथून का फेकून देतं पानी?” गोपिकाने फुलपात्र ओठांना लावलं. निम्मं पाणी उशीवर सांडलं. कौशल्याने ओठ पुसले आणि म्हणाली, तुमच्या पारशिवनीकडे पाणी असंच पाजतात काय.

वच्छलाबाईला बाहेर नेऊन मी चहा पाजला. तिला काहीच सांगितलेलं नाही. कौशल्या बरी झाली तर रामटेकच्या दह्यानेच झाली असं ती जन्मभर सांगेल. सांगू दे.

२१ जानेवारी, शनिवार

झालं. सकाळी श्रावणने स्कूटरवरून आणलं, मागे गोपिका, मांडीवर पिशवी. सीताबर्डीला त्याच्या ऑफिसातला कुणी भेटला. “आईले डबा काय?” त्याने विचारलं. श्रावण म्हणाला, हो, डबाच. गोपिका हे सांगताना इतकी हसली की भिंतीला टेकली. तिला अशी हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

वॉर्डातल्या माणसाने हात लावायला नकार दिला. डॉक्टरांनी सगळं स्वतः केलं, नाकाला रुमाल बांधून. कौशल्याने डोळे मिटून घेतले होते. गोपिका पडद्याबाहेर उभी. मध्येच कौशल्या मोठ्याने म्हणाली, “गोपिका, काल जेवली काय होतीस वं?” डॉक्टरांच्या हातातली नळी हलली.

२२ जानेवारी

काही नाही. म्हणजे – जुलाब एकदाही नाही! दिवसभर!

२५ जानेवारी, बुधवार

दुसऱ्यांदाही दिलं. आज सकाळी शौचाला बांधून झालं. डॉक्टर, नर्स, मी, श्रावण, सगळे त्या भांड्यात वाकून बघत होतो, बाळसं आलेलं पोर बघावं तसे.

डॉक्टरांना म्हटलं, छापायला पाठवा. म्हणाले, एका रोग्यावरून काही सिद्ध होत नाही. पण कान लाल झाले होते.

२ फेब्रुवारी, गुरुवार

कौशल्या घरी. ताक-भात मागून घेते. चालताना एक हात माझ्या खांद्यावर, एक गोपिकाच्या. दुपारी वरून फोडणीचा वास आला तर म्हणाली, हिला जिरं जाळायची फार सवय. गोपिकाने जिन्यातूनच उत्तर दिलं, जळलेलंच तुमच्या पोटाले मानवलं! कौशल्या तोंडाला पदर लावून हसली.

आज मला माझी सगळी वर्षं या घरात गेली याचं बरं वाटलं.

११ फेब्रुवारी, शनिवार

डॉ. उमाठ्यांनी मला पुन्हा तपासायला बोलावलं होतं. बेरियमचा पांढरा काढा आतड्यात सोडून क्ष-किरण काढले. घरी सांगताना सीताबर्डीला लोकर बघायला जाते म्हटलं. म्हणजे खोटं बोलता येतं मला.

२० फेब्रुवारी, सोमवार

डाव्या बाजूला आतड्यात गाठ आहे. माझ्या नमुन्यात डोळ्यांना न दिसणारं रक्त होतं, म्हणून माझं घेतलं नव्हतं. गुरुवारी ऑपरेशन. लवकर सापडली, बरं व्हायला हरकत नाही, डॉक्टर म्हणाले. म्हणताना खिडकीतून बाहेर बघत होते. कौशल्या आजारी पडली नसती तर हे कुणी पाहिलंच नसतं. आज जेवणं झाली की दोघींना सांगणार आहे.

तरी लिहून ठेवते. करवतकाठी टसर साडी गोपिकाला. आमच्या मागावरची शेवटची, ठेवून देऊ नये, नेसावी. शिवणाचं मशीन वच्छलाबाईला. इंग्रजी पुस्तकं डॉ. उमाठ्यांना, वाचोत न वाचोत. चष्मा कौशल्याला, तिचा नंबर तोच आहे, आतापर्यंत चोरून लावतच होती.

खालच्या स्वयंपाकघराची किल्ली गोपिकाला. पण ती कौशल्याने द्यावी. माझ्या नावाने नव्हे.