रेलिनची चौकशी

केंटकी
नऊ मार्च, मंगळवार

रेलिन पोरी,

आशीर्वाद. मी बरी आहे. गुडघा होता तसाच आहे, तेव्हा त्याची विचारपूस करत बसू नकोस. शेजारच्या होबर्टचा कुत्रा पुन्हा माझ्या कोंबड्यांच्या मागं लागला. होबर्ट म्हणतो, कुत्रा म्हातारा झालाय, आता नुसता बघतो. मी म्हटलं, तूही असंच म्हणायचास.

मे महिन्यात तुझं कॉलेज संपतंय. तुझ्या आईनं नोकरीचंही सांगितलं. सरकारी प्रयोगशाळा, पगार भरपूर, आणखी काय हवं, म्हणाली. पगार भरपूर म्हटलं की तुझ्या आईला पुढचं ऐकू येत नाही.

नाताळात मी तुला विचारलं होतं, फिजिक्स शिकून माणूस करतो काय. तू तोऱ्यात सांगितलंस, वर्गातला एक जण इस्पितळात कॅन्सरवाल्यांना द्यायच्या किरणांचा हिशोब करणार, एक शाळेत शिकवणार, दोघं न्यूयॉर्कला बँकेत. फिजिक्सवाल्याला कुठंही जाता येतं, आजी. आणि तू? तर म्हणालीस, "मी मोजमाप करणार." कशाचं, म्हणून विचारलं, तर तू भांडी घासायला उठलीस. तू, आणि भांडी! तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

बरं. गेल्या गुरुवारी एक माणूस येऊन गेला. टाय, चकचकीत बूट, सरकारी गाडी. आधी होबर्टकडे गेला. होबर्टनं सांगितलं, रेलिन नावाची कुणी या खोऱ्यात जन्मलीच नाही. मग पेट्रोल पंपावरच्या वांडाकडे. ती म्हणाली, होती एक, नवऱ्याबरोबर ओहायोला गेली. टाय लावून कुणी आपल्या माणसाचं नाव विचारलं की इथं काय सांगतात, तुला वेगळं सांगायला नको. चोरून दारू गाळायचे तेव्हाही हेच, खाणीत संप झाला तेव्हाही हेच.

मग तो माझ्या दारात. मी म्हटलं, मला नातच नाही.

तो माझ्या खांद्यावरून आत बघत होता. टीव्हीशेजारी तुझा शाळा संपल्याचा फोटो, डोक्यावर ती चौकोनी टोपी, खाली नाव छापलेलं. माणूस सभ्य होता, हसला नाही. म्हणाला, "बाई, मुलीच्या नोकरीसाठी आलोय. तिला ओळखणारं कुणी सापडलं नाही, तर नोकरी मिळायची नाही. पंधरा तारखेला परत येतो."

तुझ्या आईला हे मी सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस.

त्याला म्हटलं, तुला विचारायचंय तरी काय? तर दारू पिते का, कर्ज आहे का, परदेशी मित्र आहेत का, गुपित पोटात ठेवते का. काम कसलं, ते मात्र त्यालाही ठाऊक नाही म्हणे. मोजमाप करणाऱ्या पोरीची इतकी चौकशी? किरणांचा हिशोब करणाऱ्या त्या पोराच्या आजीकडे गेला होता का कुणी?

तुझ्या आजोबांनी जन्मभर खाणीत सुरुंग लावले. पण सुरुंग कुठं फुटणार, तिथं कोण उभं आहे, हे त्यांना माहीत असायचं. संध्याकाळी मी विचारलं की मला सांगायचे. म्हणून सरळ विचारते, बॉम्बचं काम आहे का? हो असेल तर हो म्हण. मी ओरडणार नाही. ओरडले, तरी ऐकून घे.

होबर्टला आणि वांडाला या खेपेला खरं बोलायला सांगितलंय. दोघं नाराज आहेत, सवय नाही. मीही खरंच सांगणार आहे. पीत नाहीस, कर्ज आहे ते कॉलेजचं, मित्र कोण ते मला माहीत नाही.

राहिला शेवटचा प्रश्न, गुपिताचा. पंधराच्या आत तुझा फोन आला, तर काय सांगायचं ते बघेन. नाही आला, तर सांगेन, ठेवते साहेब, सख्ख्या आजीपासूनसुद्धा ठेवते.

मग नोकरी तुला नक्की मिळेल.

अजून तरी तुझीच,
ओपल आजी