बोटांचे ठसे आणि कोकमतेल

आई, अल ऐनला यंदा थंडी जरा लांबली आहे. तू गेल्यावर चार वर्षांनी मी इकडे आखातात नोकरीला आलो, त्यामुळे हे गाव तुला माहीत असायचं कारण नाही. समुद्र लांब, चहूकडे वाळू, आणि डिसेंबर लागला की हवा इतकी कोरडी होते की आंघोळ करून टॉवेल वाळत घालेपर्यंत नडग्यांवर पांढरे ओरखडे उठतात. तू न पाहिलेली तुझी नात आता हायस्कूलमध्ये आहे. तिच्या टेबलावर क्रीमच्या सात बाटल्या आहेत, आणि तरी रोज सकाळी 'बाबा, माय स्किन इज लाइक पेपर!' म्हणून घर डोक्यावर घेते. मी तुझी पद्धत सांगायला गेलो की कानात इअरफोन घालते. म्हणून म्हटलं, तुलाच सांगावं. यंदा तुझ्या कोकमतेलाने एका बापाला मुलीच्या लग्नाला पोचवलं.

मी एका बांधकाम कंपनीत कामगारांच्या व्हिसाची कागदपत्रं बघतो. आमच्याकडे राजापूरकडचे एक स्टील फिक्सर आहेत, पन्नाशी ओलांडलेले, वीस वर्षं सळया बांधणारे. त्यांच्या ओळखपत्राचं नूतनीकरण निघालं, आणि ते झाल्याशिवाय कंपनी सुट्टीवर सोडत नाही. मुलीचं लग्न तीन आठवड्यांवर आलेलं. मी त्यांना ठसे द्यायला घेऊन गेलो. त्यांनी काचेवर बोटं ठेवली, मशीन लाल झालं. पुन्हा ठेवली, पुन्हा लाल. सिमेंट, बांधायची तार आणि वर ही थंडी. बोटांवर रेघा कमी आणि भेगाच जास्त. काउंटरवरची मुलगी हसत म्हणाली, "चाचा, आपके तो फिंगरप्रिंट हैं ही नहीं!" आणि चार दिवसांनी यायला सांगितलं. गाडीत ते आपली बोटं उलटसुलट करून बघत राहिले. मग म्हणाले, "साहेब, पोरीच्या लग्नात बापच नसला तर कसं दिसेल?" मी "होईल, इन्शाल्ला" म्हणालो खरा, पण मनातून मीही घाबरलो होतो.

त्यानंतर तुझ्या लेकाने अक्कल पाजळली. दुसऱ्या खेपेला पार्किंगमध्येच मी तुझ्या नातीची एक बाटली उघडून त्यांच्या दहाही बोटांना सढळ हाताने क्रीम चोपडलं आणि लगेच त्यांना मशीनसमोर उभं केलं. काचेची पार तुपाने माखलेली ताटली झाली. ती मुलगी पुसतेय, मशीन लाल होतंय, मागची रांग "यल्ला, यल्ला!" करत घाई लावतेय. शेवटी तिने हात जोडले. "खलास! अगले हफ्ते आइए। और प्लीज, क्रीम लगाकर मत आइए।" घरी आल्यावर बाटली रिकामी बघून नातीने केलेला उद्धार वेगळाच.

त्या संध्याकाळी मला तू आठवलीस. काजूच्या कारखान्यातून तू आली आहेस, टरफलांच्या तेलाने हात काळे पडलेत. जुन्या घमेल्यात कोमट पाणी घेऊन तू पाय बुडवून बसतेस, मग नुसते टिपतेस, पुरते कोरडे करत नाहीस. थिजलेल्या कोकमतेलाचा गोळा चिमणीवर धरतेस आणि वितळलेला थेंब बरोबर भेगेत सोडतेस. मी सातवीत आहे, कुणाच्या तरी लग्नाला निघालोय, आणि तोच गोळा कोरड्या नडग्यांवर खसाखसा घासतोय. तू ओरडतेस, "अरे मेल्या, भिंत रंगवतोयस काय? आधी कातडीला पाणी पिऊ दे, मग वरून झाकण घाल. आणि एका दिवसात काही होत नसतं!"

दुसऱ्या दिवशी मी त्यांना विचारलं, कोकमतेल आहे का? "आहे की साहेब, ट्रंकेत गोळा आहे. पण टाचांपुरता. हाताला लावलं तर सळई सुटते, फोरमन बोंबलतो." म्हटलं, कामावर नको, कामावरून आल्यावर लावू. मग सलग सहा दिवस मी संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर त्यांच्या लेबर कॅम्पवर गेलो. बादलीत कोमट पाणी, पळीत वितळवलेलं तेल, वरून साइटवरचे नवे सुती हातमोजे. पहिल्या दिवशी त्यांनी हात मागे घेतला, "साहेब, तुम्ही कशाला?" तिसऱ्या दिवशी आपणहून पुढे केला. चौथ्या दिवशी खोलीतले बाकीचे टाचा घेऊन हजर! "डॉक्टर, आमचाही नंबर लावा." काय मजा आली म्हणून सांगू. सातव्या दिवशी सकाळी मात्र मी त्यांना साबणाने हात धुवायला लावले आणि काही म्हणजे काही लावू दिलं नाही.

मशीन हिरवं झालं. दहाच्या दहा बोटं! त्या मुलीने टाळ्या वाजवल्या. त्यांनी दारातच गावी बायकोला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन माझ्या तोंडासमोर धरला. वहिनींनी दोनदा हात जोडले. मग त्यांनी विचारलं, "साहेब, एवढं नीट लावायला तुम्हाला शिकवलं कोणी?"

"आईच्या टाचांना रोज संध्याकाळी मीच लावायचो ना," मी म्हणालो. अगदी सहज तोंडातून गेलं. त्या म्हणाल्या, "भाग्यवान हो तुमची आई."

आई, तू एकदाच म्हणाली होतीस, कंबर धरलीय, वाकवत नाही, एवढं लावून दे रे. मी पुस्तकातून डोकं वर न काढता 'शी!' म्हणालो होतो. तू भिंतीचा आधार घेऊन, कशीबशी वाकून, तुझं तूच लावून घेतलंस. फार वाईट वागलो मी. हे पत्र ऑफिसच्या ड्रॉवरमध्येच राहणार. लग्न छान झालं, ते कालच परत आले, आणि वहिनींनी तुझ्या नावाने बुंदीचे लाडू पाठवलेत. त्यांना खरं काय ते अजून सांगितलेलं नाही, आणि दोन लाडू मी खाऊनही टाकले.