पाचवी दुरडी

प्रिय सुरेखा,

देवघर मी केलं. सागवानाच्या उरलेल्या तुकड्यांचं, एकही खिळा न मारता. तुळशीकट्टा मी केला, चारी कोनाड्यांसकट. हॉलच्या भिंतीवरची गेरूची नक्षी मी काढली, दोरी टाकून, रेषेला रेष. मसाल्याच्या बरण्यांची मांडणी मी केली आणि प्रत्येक बरणी आपल्या खणात अशी बसते, की हलवली तरी आवाज नाही. महालक्ष्म्यांचा मखर मी केला, घडी घालून पिशवीत मावणारा. मी काही सुताराच्या घरात जन्मलो नाही. शाळेच्या प्रयोगशाळेतला परिचर मी. हे सगळं बघून, चुकून, खोडून शिकलो. तुला हे पाठ आहे. आल्यागेल्याला मी हे इतक्यांदा ऐकवायचो, की तू चहाचा कप पुढं करत म्हणायचीस, "झालं का सांगून? आता चहा घ्या."

आता त्यात एका दुरडीची भर पडलीय. दोन्ही हातांत धरावी एवढीच. पण ती झाली कशी, हे तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

काल आपल्या रेणुकाचं लग्न झालं, सुरेखा. धाराशिवच्या कार्यालयात. रात्री ती अणदूरला, तिच्या घरी गेली. आज दुपारी येडशीच्या आपल्या घरात मी आणि तुझ्या सोनारीच्या अक्का, एवढेच आहोत. अक्का आत आडव्या झाल्यात. लग्नाचं सगळं तुला कुणी ना कुणी मनातल्या मनात सांगत असेल. रुखवताचं मात्र मीच सांगणार!

लग्न ठरलं आणि माझ्या बहिणीनं, शकूनं, पहिल्याच बैठकीत विषय काढला. "दादा, रुखवताचं मी बघते. माझ्या ओळखीचा एक डेकोरेशनवाला आहे. सगळं भाड्यानं देतो. बैलगाडी, विहीर, थर्माकोलचं मंदिर. सकाळी मांडून जातो, संध्याकाळी उचलून नेतो."

"म्हणजे पोरीबरोबर काय जातं?"

"फोटो जातात की!"

तू चार उन्हाळे घालवून केलेल्या चार दुरड्या माळ्यावर असताना पोरीच्या लग्नात भाड्याची बैलगाडी? मी म्हणालो, "रुखवत घरचं होणार. सुरेखाच्या दुरड्या मांडायच्या."

"चारच आहेत ना त्या? पाच लागतात. जोडीनं, सम आकड्यात मांडतात का कुठं?"

बरोबर होतं तिचं. तू पाच ठरवल्या होत्यास. एकात एक बसणाऱ्या, कागदाच्या लगद्याच्या, कडेला कवड्या. सगळ्यात मोठीत शेवया, मग कुरडया, मग सांडगे, मग लाडू आणि सगळ्यात लहानीत हळकुंडं आणि सुपाऱ्या. दर उन्हाळ्यात एक करायचीस. पाचव्या उन्हाळ्यात आपण सोलापूरच्या दवाखान्यात होतो.

मी म्हणालो, "पाचवी मी करतो."

शकू हसली. हसू दे. पण अक्का! फोनवर म्हणाल्या, "दाजी, रुखवत करनार तुमी? आदी मिशा काडून ठिवा."

तुला खरं सांगू? मला ते सोपं वाटलं होतं. देवघर करणाऱ्याला दुरडीचं काय? रेणुकाच्या शाळेच्या जुन्या वह्या भिजत घातल्या, उखळात कुटल्या, मैद्याची खळ घातली. साच्यासाठी लाकडाचा ठोकळा तासला, कंपासनं आखून, पॉलिश पेपर मारून. दुरडी अशी गोल झाली, की विचारू नकोस. सावलीत वाळवली, मग उन्हात. वर गेरूचा हात दिला आणि माळ्यावर तुझ्या चौघींशेजारी ठेवली.

दोन-तीन दिवसांनी बघतो तर काय! उंदरांनी माझ्या दुरडीची अर्धी कड कुरतडून टाकलेली. आणि तुझ्या चौघींना? चौघींना दातसुद्धा लावला नव्हता. इतकी वर्षं त्याच माळ्यावर, त्याच उंदरांच्या राज्यात, आणि जशाच्या तशा. मी खाली उतरून अक्कांना फोन लावला.

"मेथ्या घातल्या न्हाईत व्हय?" पलीकडून प्रश्न.

"मेथ्या? दुरडीत?"

"आवं, रातभर भिजवायच्या, पाट्यावर वाटायच्या अन् लगद्यात कालवायच्या. त्यानं लगदा धरतो अन् कडू पडतो. उंदीर तोंड लावीत न्हाई. मैद्याची खळ घातली म्हंजी तुमी उंदराला जेवनाचं आवतनच धाडलं की!"

सुरेखा, मेथ्यांचं एका शब्दानं सांगायला काय झालं होतं गं तुला? मी तेव्हा सिमेंटला किती वाळू, रंगाला किती टर्पेन्टाईन, सगळं तुला ऐकवत होतो. आणि तू त्याच ओट्यावर मेथ्या वाटत होतीस. मला वाटायचं, लाडवासाठी वाटतेस!

दुसरा लगदा मेथ्या घालून केला. हात दोन दिवस कडू होते, भाकरीसुद्धा कडू लागायची. पण लगदा खरंच वेगळा झाला. चिकट, लवचिक, मळलेल्या कणकेसारखा. पुन्हा त्याच ठोकळ्यावर थापला. दुरडी वाळली, निघाली, गोलच्या गोल. तुझ्या चौथीत बसवायला गेलो आणि बसेना.

एका बाजूला अडकायची, दुसऱ्या बाजूला बोट जाईल एवढी फट. मापं घेतली. माझी बरोबर होती. चूक तुझ्या चौथीत होती. ती गोलच नाही! एका अंगानं अर्धा इंच चेपलेली आहे. मला हायसं वाटलं, उगाच कशाला खोटं बोलू. पॉलिश पेपर घेतला, तुझी चौथी मांडीवर घेतली. आतून जराशी घासली, की काम झालं.

रेणुका दारात उभी होती. एवढ्या तयारीत ती माझ्याशी कधी मोठ्या आवाजात बोलली नव्हती.

"पप्पा, आईच्या दुरडीला हात लावू नका."

"अगं, वाकडी आहे ती. आतून जराशी..."

"असू द्या वाकडी. मला ती तशीच न्यायचीय. पाचवी बसत नसेल तर चार मांडू. लोक काय म्हणायचं ते म्हणू देत."

मी पॉलिश पेपर खाली ठेवला. पोरगी हुबेहूब तुझ्यासारखी कमरेवर हात ठेवून उभी होती. "आले आमचे मापाडी," असं म्हणायची तेवढी राहिली होती.

पण चार मांडायच्या? ते मला चालणार नव्हतं. तुझं ठरलेलं अर्धवट ठेवून पोरगी सासरी धाडायची आणि मांडवात मी देवघराच्या गप्पा मारायच्या?

मग विचार केला. दुरडी वाकडी आहे, म्हणजे साचा वाकडा असणार. साचा तुझा, म्हणजे स्वयंपाकघरातला. मी आणि रेणुकानं घरातली सगळी भांडी अंगणात आणून पालथी घातली. पातेली, गंज, डबे, घमेलीसुद्धा. शेजारच्या काकू कुंपणावरून म्हणाल्या, "भांडी मोडीत काढताय का वो?" एकेकावर तुझी चौथी घालून बघत होतो. कुठं सैल, कुठं घट्ट. शेवटी रेणुका आतून दुधाचं भगुणं घेऊन आली. तेच, ज्याची कड या घरी राहायला येताना टेम्पोतून पडून चेपली होती. "नवं आणू," असं मी किती वेळा म्हणालो असेन आणि तू दर वेळी "दूध काय गोल भांड्यात जास्त तापतं का?" म्हणून मला गप्प बसवलंस.

चौथी त्याच्यावर अलगद बसली. टोपी बसावी तशी.

आता खरा प्रश्न. चौथी भगुण्याच्या बाहेरून थापलेली. तिच्या आत बसणारी, तिच्यासारखीच चेपलेली, पण तिच्याहून लहान दुरडी कशावर थापायची? असं दुसरं भांडं घरात नव्हतं आणि बाजारात मिळणं शक्य नव्हतं. मी अंगणात बसून त्या भगुण्याकडं बघत राहिलो. आणि मग उत्तर सापडलं, सुरेखा! बाहेरून नाही, आतून थापायची. त्याच भगुण्यात. पत्र्याच्या जाडीएवढी लहान होणार, वाळताना अंग चोरून थोडी आणखी. आपोआप बसणार!

भगुण्याच्या आत राख भुरभुरवली आणि लगदा लावायला घेतला. आत पट्टी जात नाही, ठोकळा जात नाही, कंपास तर नाहीच नाही. जातो तो फक्त हात. तळापासून वर, बोटांनी दाबत दाबत, जाडी अंगठ्याला लागेल तेवढीच समजायची. असं मी आयुष्यात काही केलं नव्हतं. रेणुका शेजारी बसून कवड्या निवडत होती. एकदाच म्हणाली, "आई पण अशीच जीभ दाताखाली धरायची."

वाळल्यावर दुरडी भगुण्यातून स्वतःच सुटली. आतून माझ्या बोटांच्या खुणा उमटलेल्या. पॉलिश पेपर समोरच होता. नाही मारला. गेरू दिला, कडेला कवड्या शिवल्या आणि तुझ्या चौथीत ठेवली. बसली! फट नाही, अडकणं नाही. रेणुकानं ती काढली, पुन्हा ठेवली, पुन्हा काढली. मग डोळ्यांना ओढणी लावून आत गेली. मी सुतळीचे तुकडे गोळा करत बसलो.

काल कार्यालयात पाचही ओळीनं मांडल्या. मागं ना मंदिर, ना विहीर. तरी बायकांची गर्दी तिथंच! रेणुकाच्या सासूबाईंनी एकेक उचलून पाहिली.

"कुनी केल्या ह्या?"

रेणुका म्हणाली, "चार आईनं. एक पप्पांनी. कुठली ते ओळखा."

त्यांनी क्षणभरही वेळ लावला नाही. पाचवी उचलली आणि आतल्या खुणांवर स्वतःचं बोट ठेवून म्हणाल्या, "ही. हितं बोटं मोठी हायती."

मला वाटलं होतं, कुणाला कळणार नाही. पण त्यांनी ती खाली ठेवली नाही गं. पाठवणीच्या वेळी बाकीच्या चार पेटीत गेल्या आणि पाचवी, हळकुंडांसकट, त्यांनी रेणुकाच्या ओटीत दिली. गाडीत बसताना रेणुकाचा एक हात माझ्या हातात होता, दुसरा त्या दुरडीवर. तुला मी दुसरं काय सांगू?

आणि शकू! निघताना बाजूला घेऊन हळूच म्हणते, "दादा, आमच्या पिंकीचं पण करशील का रे?"

"भाड्यानं मिळतं की," मी म्हणालो. पण करणार आहे.

आता माझा शब्द ऐक. भगुणं घासून जागेवर ठेवलंय. त्याची कड मी ठोकून सरळ करणार नाही आणि नवं आणणार नाही. येत्या उन्हाळ्यापासून पिंकीसाठी दुरड्या सुरू. दर उन्हाळ्यात एक, तुझ्यासारखी, आणि या वेळी पाचही माझ्या हातच्या. मेथ्या मी भिजवीन, मीच वाटीन. कंपास कपाटात राहील. कुणी मिशांवरून बोललं तर बोलू देत. पहिली वाकडी होईल, दुसरीही होईल. पाचवी होईपर्यंत थांबणार नाही.

तुझा,
मापाडी

आणि हो, एक सांगायचं राहिलंच. शकूचा तो डेकोरेशनवालाही काल आला होता, दुसऱ्या हॉलचं काम आटोपून. दुरड्यांभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि मला कोपऱ्यात घेतलं. म्हणाला, "काका, असं काम आता बघायला मिळत नाही. सीझनभर भाड्यानं फिरवीन. रोख देतो, आत्ता." मी नाही म्हणालो. त्यानं आकडा वाढवला, मी पुन्हा नाही म्हणालो. वीस हजारांवर येऊन थांबला बघ. पाच दुरड्यांचे नव्हे, तुझ्या चौघींचे. पाचवी म्हणे तुम्हालाच राहू द्या.