सुकटीतलं मीठ

बाबा, कोणत्या पदार्थाबरोबर कोणती वाइन प्यावी, हे मी आता लोकांना शिकवते. तुम्ही हसला असता. फूड टेक्नॉलॉजी शिकले आणि पडघ्याच्या गोदामातून हॉटेलांना वाइन पुरवणाऱ्या कंपनीत लागले. अधूनमधून हॉटेलांचे वेटर येतात. त्यांच्यापुढे मी तुरट लाल वाइन ओतते आणि बशीत लिंबाची फोड, मिरची, मीठ ठेवते. एक घोट नुसता, मग एकेका चवीनंतर एक. मिरचीनंतर दारू जास्त जाळते. लिंबानंतर वाइनचा आंबटपणा जाणवेनासा होतो. मिठानंतर कडू-तुरटपणा उतरतो. गेल्या आठवड्यात एका वेटरने मीठ चाटून घोट घेतला आणि म्हणाला, "मॅडम, ये तो एकदम सीधी हो गई. अब बॉटल खतम होगी." बाकीचे हसले. मी "बरोबर" म्हटलं, आणि मिठाची बशी उचलून बाजूला ठेवली.

कामतघरची आपली खोली, भिंतीपलीकडे कापडाचे लूम चालू. तुम्ही शिफ्ट संपवून येता आणि पलंगाखालची देशी काढता. आईचा नियम एकच: "प्यायचीच तर घरात प्या. गटाराकडेला पडलात हे लोकांनी येऊन सांगायला नको." म्हणून ती रोज सुकट परतते, कांदा आणि लाल तिखट घालून, आणि ताटली माझ्या हाती देते. मी अकरा वर्षांची आहे. मोरीच्या आडोशाला थांबून मी त्यात चमचाभर मीठ कालवते. खारट लागलं की तुम्ही ताटली सारणार, आणि सोबत चखणा असल्याशिवाय तुम्हाला पिता येत नाही, असं मला वाटतं. तुम्ही घास घेता, तोंड वाकडं करता, घोट घेता. मी बघत उभी. "आयला, आज जमलंय!" तुम्ही आईला ओरडून सांगता. "हॉटेलवाला काय करील असं! अजून आण गं पोरी." आई पदराला हात पुसत म्हणते, "कौतुक पुरे, भात खा." पण ती हसते. तुमच्याकडून कौतुक तिच्या वाट्याला कधी यायचं नाही. दुसऱ्या दिवशी मी आणखी मीठ घातलं. दोन वर्षं घालत राहिले, कारण मला वाटायचं, अजून पुरेसं खारट होत नाहीये.

तुमचं यकृत दारूने गेलं, मिठाने नाही. बाटली तुम्ही उघडायचात. पण नुसती कडू देशी तुम्ही किती प्यायला असता, ते मला माहीत नाही. आणि तुलना केल्याशिवाय मी कामावरही निष्कर्ष लिहीत नाही. आईने मात्र तो काढलेला आहे. तुम्ही गेल्यापासून घरात सुकट शिजलेली नाही. परवा मी बाजारातून आणली, तर तिने पिशवी न उघडताच दाराबाहेर ठेवली. मग माझं ताट वाढता वाढता म्हणाली, "माझ्याच हाताच्या चवीने त्यांना बसवून ठेवलं. तेव्हाच बेचव करायला हवी होती." मी तेव्हा सांगू शकले असते. मी भात कालवला आणि म्हटलं, "आमटी छान झालीय."

हे तिला सांगायचं होतं. तुम्हाला लिहिते आहे, कारण तुम्ही वाचणार नाही. आणि आमटी छान नव्हती. अळणी होती, हल्ली रोजच असते. मी वरून मीठ मागत नाही.