अडवणाऱ्याचं नाव

काशान, ३ मेहर

चि. माहलकास तूरानताईचे आशीर्वाद.

तुझा नवरा फोनला कान लावून बसतो, म्हणून पत्र. अक्षर वाकडं आहे, लावून घे.

चार वर्षं गालिचा तू विणलास, इस्तंबूलच्या प्रदर्शनाचं बोलावणं तुझ्या नावाने आलं, आणि नोसरतने कचेरीत जाऊन तुझं जाणं बंद केलं. कारकून म्हणे, नवऱ्याची सही नाही तर पासपोर्ट नाही, इराणात कायदाच तसा आहे. आग लागो त्या कायद्याला. वर तो स्वतःच निघालाय, आणि वरच्या काठात नावही त्याचंच हवं!

रडलीस तर येऊन थोबाडीत देईन. वीण त्याचं नाव. पण मी सोबतच्या चिठ्ठीत लिहिलंय ते सगळं वीण. तो दलालाच्या ऐटीत गालिचा पालथा करून गाठी मोजतो, सुलटा बघतो कधी? मागून अक्षरं उलटी दिसतात. आपलं नाव तेवढं ओळखेल नि फुगेल.

डाळिंबाचा पाक पाठवलाय. माया असू दे, भीती सोड.
तूरान

नाईन, २१ आबान

ती. तूरानताईस माहलकाचा सा. सलाम, वि. वि.

विणलं. दोन ओळी चुकल्या, त्या उसवून पुन्हा घातल्या. त्याने पालथा करून गाठी मोजल्या, नावावरून बोट फिरवलं, शाब्बास म्हणाला आणि पोत्यात शिवून घेऊन गेला.

काल त्याचा फोन आला. गालिचा भिंतीवर चढल्यावर तिथे राहणाऱ्या आपल्याकडच्या बायका जमल्या. एकीने मोठ्याने वाचलं: विणणारी माहलका, अडवणारा नोसरत. मग सगळ्या त्यालाच विचारत सुटल्या, अडवणारे ते आपणच का? फोटो निघाले. तो उतरवायला गेला तर प्रदर्शनवाल्यांनी हात लावू दिला नाही. माझ्यावर ओरडला, येऊन हाडं मोडतो म्हणाला. मी म्हटलं, नाव तुम्हीच घालायला सांगितलंत.

ताई, किती वर्षांनी पोटभर हसले. पण शुक्रवारी तो येतोय. काय करू? ओढ आहे तशीच राहू दे.
तुझी माहलका

काशान, २४ आबान

चि. माहलकास आशीर्वाद.

विचारतेस काय? गुरुवारी सकाळी माझी जाऊ इशरत पिकअप घेऊन येतेय. माग खोल, लोकर बांध, निघ. शुक्रवारी तो इथे आलाच तर दारात मी बसलेय, मांडीवर लोकर कातरायची कात्री घेऊन.

येताना त्या कारकुनाचं नाव विचारून ये. नव्या गालिच्याला काठ चार आहेत.

तुझीच,
तूरान