मागच्या सीटवर कोणी बसून पाहिलंच नाही

२० जुलै, रविवार

पहिला आला दिपेशभाई. टीव्ही लावायच्या आधीच! बी विंगमधून घरातल्या स्लिपरवर आला, म्हणजे थालीपिठाचा वास तिथवर गेला असणार. त्याच्यामागून गुणवंतराव, बँकेतले रिटायर, पाठीला लावायची स्वतःची उशी घेऊन. पूनम सागरमध्ये आमच्या सोसायटीत एकसारखी गाडी तिघांकडे आहे — माझ्या मुलाकडे, परागकडे, आणि ह्या दोघांकडे. आज तिचं नवीन रूप टीव्हीवर दाखवणार होते. कधीपासून फोनवर ह्यांचं हेच चाललंय. ग्रुप आहे म्हणे, सगळ्या मालकांचा. ह्यांच्या बायका बाळंत झाल्या तेव्हा एवढी काळजी नव्हती.

मला काय, घरात माणसं आली की बरं वाटतं. एरवी हॉलमध्ये मी आणि पंखा. मी थालीपीठं थापत होते आणि कान बाहेर.

दिपेशभाईला भीती, नवीन गाडी छान निघाली तर ह्याची जुनी दिसेल. गुणवंतरावांना भीती, छान नाही निघाली तर एवढी वाट पाहिली ती फुकट. आमच्या परागची तिसरीच — बटणं काढून टाकली तर? सगळं काचेवर बोट फिरवून करायचं म्हणे, एसीसुद्धा. आणि स्टेपनी देणार की नुसतं पंक्चरचं किट, ह्याच्यावर तर तिघं हमरीतुमरीवर आले. तिघांतल्या एकानेही आजवर चाक बदललेलं नाही! पंक्चर झालं की फोन, आणि पंक्चरवाला येईपर्यंत सावलीत उभे.

मी विचारलं, ह्या असल्या गाडीला म्हणतात काय? पराग म्हणाला क्रॉसओव्हर. म्हणजे धड जीप नाही, धड लहान गाडी नाही, दोन्हींच्या मधलं. मी म्हटलं, मग खेचर म्हणा की. गुणवंतरावांना ठसका लागला, पाणी द्यावं लागलं.

मग पडदा उचलला. आधी धूर, मग लाईट, मग ती हळूहळू फिरत फिरत आली, नवरी बोहल्यावर यावी तशी. छप्पर मागे उतरतं केलंय, घसरगुंडीसारखं. पराग म्हणाला, काय लाईन आहे. दिपेशभाई म्हणाला, एकदम फॉरेन. मला मागून बसलेल्या म्हशीसारखी वाटली. तव्यावरचं करपत होतं.

२१ जुलै

सकाळपासून ग्रुपवर भांडणं. गाडीचं तोंड अर्ध्यांना आवडलं नाही. कोणी लिहितो चिडकी दिसते, कोणी लिहितो झोपाळू. गाडीने काय हसत यायचं?

२७ जुलै, रविवार

काशीमिऱ्याला शोरूममध्ये जाऊन आलो. सगळी वरात. आम्ही, दिपेशभाई, गुणवंतराव उशीसकट. सूनबाई म्हणाली, आई, तुम्ही कशाला दमता. पण मी चांगली साडी नेसून दारात उभीच होते. बाहेर हायवेला ट्रकांची रांग, धूर, आणि आत थंडगार! कॉफी फुकट. दोन घेतल्या.

तिथे एक गंमत पाहिली. तिघं पुरुष पाळीपाळीने पुढे बसले. स्टिअरिंग धरलं, काचेवर बोटं फिरवली. दार उघडायचं, लावायचं, आवाज ऐकायचा — आम्ही माठावर टिचकी मारून पाहतो तसं. गाडी बोलते म्हणे. 'थंड कर' म्हटलं की थंड करते. मृणालिनी माझ्या कानाशी म्हणाली, घरी मी बोलते ते ह्यांना ऐकू येत नाही, आणि गाडीशी गप्पा मारणार. सून कधीकधी फार बरं बोलते.

पण मागे कोणी बसून पाहिलं? कोणी नाही!

म्हणून मी बसले. बसले कसली, डोकं आपटलं वरच्या कडेला. वाकून शिरले तर गुडघा अडला. आमच्या जुन्या गाडीत बसायचं म्हणजे नुसतं टेकायचं, ओट्यावर टेकतो तसं. हिच्यात आधी घुसायचं, मग पडायचं. कशीबशी बसले तर छप्पर अंबाड्याला लागलं.

आणि मग माझं लक्ष मांडीकडे गेलं.

आमच्याकडे गणपती टेम्पोतून येत नाही, डिकीतून येत नाही. घरातल्या मोठ्या माणसाच्या मांडीवर येतो, तोंडावर रुमाल टाकून. हे होते तोवर ह्यांच्या मांडीवर आला. हे गेल्यापासून माझ्या. मूर्ती दीड हाताची — कागदी लगद्याची, म्हणून जड नाही — पण खाली पाट असतोच. मी मांडीपासून वर हात धरून पाहिला. मुकुट जाणार कुठे?

टाय लावलेल्या माणसाला विचारलं. तो हसत म्हणाला, "आजी, वर सनरूफ आहे ना. काच उघडायची, मुकुट बाहेर."

मी म्हटलं, "बाप्पा काय निवडणुकीला उभा आहे, वरून हात दाखवत यायला?"

सगळे हसले. मीपण हसले. मी म्हटलं, पुढे बसते मांडीवर घेऊन. तर ते चालत नाही, पुढे एअरबॅगचा फुगा उडतो म्हणे.

परागने तिथेच बुकिंग केलं. परत येताना आरशात बघून म्हणाला, "आई, ह्या वर्षी तू रिक्षाने ये मागून. बाप्पाला आम्ही सीटवर बेल्ट लावून आणतो."

बेल्ट.

२८ जुलै

आज काही नाही. गुडघा दुखतोय, शोरूममध्ये अडला तोच.

२९ जुलै, नागपंचमी

पाट द्यायला भाईंदरला उत्तमच्या शेडमध्ये गेले. आमची गावची रीत, मूर्तिकाराला आपला पाट द्यायचा, त्याच पाटावर आपली मूर्ती. उत्तम मूळचा आमच्या रत्नागिरीकडचा, त्याला सांगावं लागत नाही. पाट पुसून दिला. कडेला ह्यांनी खिळा मारलेला आहे, वाकडा. त्यावरूनच ओळखतो.

तिथे एक सरूबाई भेटली, राई गावची. तीपण पाट घेऊन! माझ्याच वयाची, माझ्यासारखीच एक गुडघा धरून चालणारी. बाकड्यावर बसलो ते बसलोच. खाडीकडे त्यांची शेतं होती, आता अर्ध्यावर बिल्डिंगा. मुलगा महिपत, चांगला आहे म्हणाली, बायकोपेक्षा आईला घाबरतो. दर वर्षी मूर्ती टेम्पोत घेऊन बसते, पण आता टेम्पोत चढता येत नाही. म्हणून महिपत जुनी गाडी शोधतोय.

मी म्हटलं, आमची विकायची आहे. तोंडातून निघून गेलं.

३ ऑगस्ट, रविवार

गाडी बघायला लोक आले. अगदी मुलगी बघायला येतात तसे! खालून वरून पाहिली, रंगावरून बोट फिरवलं, आधी कुठे लागलंय का, खरं वय काय, किती फिरलीये. परागने मला बजावलं होतं, तू मध्ये बोलू नकोस. मी नाही बोलले. कांदेपोहे केले.

पोहे दोनदा घेतले आणि म्हणाले, कळवतो. आता हे काही कळवणार नाहीत! एवढ्या मुलींची लग्नं पाहिली, तो 'कळवतो' मला कळतो.

पराग पडलेल्या तोंडाने ग्रुप बघत बसला. नवीन मॉडेल आल्यावर जुन्याला कोणी विचारत नाही म्हणाला. मी शेजारीच बसले होते.

५ ऑगस्ट

मृणालिनी म्हणाली, पुढच्या वर्षीपासून मूर्तीच लहान घेऊया का, म्हणजे प्रश्न मिटला. चांगल्या मनाने म्हणाली. पण गाडी मोठी घ्यायची म्हणून देव लहान करायचा! भाजी चिरताना हसू येत होतं. मग नाही आलं.

१० ऑगस्ट, रविवार

सरूबाई आली! सोबत महिपत. नारळी पुनवेच्या करंज्या घेऊन आली, डबा भरून. श्रावण म्हणून, नाहीतर सुकट आणली असती म्हणाली. दिपेशभाईला कसा वास लागतो कोण जाणे, तोपण हजर.

खाली पार्किंगमध्ये गेलो. पराग महिपतला सांगू लागला, ॲव्हरेज एवढं, सर्व्हिसिंग सगळं वेळेवर. महिपत मान घालून इंजिनात. दिपेशभाई मध्येच, नवीन मॉडेलपेक्षा हीच दणकट म्हणून. गेल्या महिन्यात हाच फॉरेन फॉरेन करत होता!

सरूबाईने कोणाकडे पाहिलं नाही. सरळ मागचं दार उघडलं आणि टेकली. मग मला विचारलं, घरात हातभर उंच काय हाय? मी वर जाऊन पिठाचा डबा आणला. तिने डबा मांडीवर घेतला, त्याच्यावर करंज्यांचा डबा ठेवला, वर हात फिरवून पाहिला. मग महिपतला म्हणाली, "म्हाराजाला एक फेरी." वॉचमन गेट सोडून बघत होता. महिपतने गेटपर्यंत नेली, वळवून आणली. दोन्ही डबे जागच्या जागी.

"बसली रं," म्हणाली. "हीच घ्याची."

झालं. इंजिन, ॲव्हरेज, सर्व्हिसिंग — सगळं राहिलं बाजूला.

मग आत बसूनच मला विचारते, "बाय, तुजा देव कंच्या गाडीत येनार?"

मी म्हटलं, नव्या गाडीत. बेल्ट लावून.

"आनि तू?"

मी म्हटलं, रिक्षाने.

तिने परागकडे पाहिलं फक्त. पराग फोनमध्ये काहीतरी शोधत होता, बराच वेळ सापडेना.

१४ ऑगस्ट

गाडी गेली राईला. मी हळदकुंकू लावलं आणि मागच्या सीटवर नारळ ठेवला. मृणालिनी म्हणाली, आई, गाडीची कोणी पाठवणी करतं का. पराग वर गॅलरीत उभा होता. गाडी वळेपर्यंत आत आला नाही.

१७ ऑगस्ट, रविवार

नवीन गाडी आली. मी ओवाळलं, चाकाखाली लिंबं ठेवली. हसतमुखाने हो! वर्षभराची हौस, मुलाचं तोंड उजळलेलं, आपण कशाला आंबट करा. पेढे मीच वाटले. सगळी सोसायटी खाली. असं भरलेलं पार्किंग दहीहंडीलापण नसतं.

गुणवंतराव आज पहिल्यांदा मागे बसले. उशीसकट आत गेले आणि बाहेर येईनात. दिपेशभाईने हात धरले, परागने पाय, मृणालिनीने उशी आधी ओढून घेतली तेव्हा निघाले. वर म्हणतात कसे, मागची जागा थोडी स्पोर्टी आहे. काचेच्या छपरावर कबुतराने पहिल्याच तासात आपलं काम केलं. 'पुसून टाक' म्हणून परागने गाडीला सांगून पाहिलं. तेवढं तिला येत नाही.

ग्रुपवर फोटो टाकला, सगळ्यांनी अंगठे दाखवले. मग कोणीतरी लिहिलं, थांबायला हवं होतं, हिचंच बॅटरीवालं येतंय. परागने पेढा अर्धाच खाल्ला.

मला म्हणाला, आई, बसून बघ ना एकदा, पुढे. मी म्हटलं, बसेन रे, मोकळ्या हाताने बसेन.

१८ ऑगस्ट, सोमवार

सरूबाईचा फोन. महिपतने लावून दिला. पुढच्या मंगळवारी, हरतालिकेला, संध्याकाळी येणार, ती आणि महिपत, आपल्या गाडीने. आपली म्हणाली. उत्तमकडे जायचं, मागे दोघी, दोघींच्या मांडीवर एकेक. आधी आमचा देव इथे उतरवायचा, मग तिचा राईला. नारळ काढला नाहीये अजून सीटवरून, म्हणाली.

परागला सांगितलं. तो म्हणाला, मग मी काय करू?

मी म्हटलं, तू ये की मागून. तुझी गाडी मोकळीच आहे.