कीथसाठी तीन चमचे साखर

३ मार्च
अखेर सिग्नेट गावात येऊन पडले! घर चिमुकलं, छप्पर पत्र्याचं, पण परसात तीन सफरचंदाची झाडं फळांनी वाकलेली. कीथ गेल्यानंतरचे आठ महिने होबार्टच्या फ्लॅटात विधवा म्हणून कसे काढले ते माझं मला माहीत. इथे आल्या आल्या शिट्टी वाजवावीशी वाटली. वाजवलीही.

वाफ्यात एक जाड पाइप उभा पुरलाय. अंगाला भोकं, तोंडावर कुंडी उपडी. आधीच्या मालकीणबाईंची, एनिडची सोय. स्वयंपाकघरातली सालं वरून टाकायची. गांडुळं भोकांतून आत शिरून जेवतात आणि खत वाफ्यातच सोडतात. उचलणं नाही, ओतणं नाही. माझ्यासारख्या आळशी बाईला देवच पावला.

६ मार्च
शेजारची डल्सी जॅमची बाटली घेऊन आली. वय ऐंशी, जीभ अठरा वर्षांची. म्हणाली, "कांदा टाकू नकोस, लिंबू टाकू नकोस, आणि माणसाच्या अंगावरचं तर काहीच टाकू नकोस बाई." केस चालतात, खताची सगळी पत्रकं तसंच सांगतात, असं मी म्हटलं. त्यावर म्हणे, पत्रकं लिहिणाऱ्यांनी एनिड कुठे पाहिली होती! एनिडने मेलेल्या नवऱ्याच्या दाढीचे केस टाकले. मग दिवसभर पाइपाशी बसून त्या नवऱ्याशी गप्पा. शेवटी तिचे गमबूट तेवढे वाफ्याशी सापडले. म्हातारीला नवीन श्रोता मिळाला, दुसरं काय!

९ मार्च
खोक्यात कीथचा ब्रश सापडला. तो गेल्यापासून मीही त्यानेच विंचरायचे. त्याचे पांढरे, माझे तांबूस, सगळा गुंता. कचऱ्यात टाकवेना. आमच्या घरात कधी काही वाया गेलं नाही, चहाचा चोथासुद्धा गुलाबांना जायचा. गुंता पाइपात सोडला, वर सकाळचा चोथा. रडले. मग बरं वाटलं.

११ मार्च
कुंडी उचलली तर पाइप तळापर्यंत रिकामा. आठवड्याभराची सालं दोन दिवसांत फस्त! चोथा टाकला आणि खालून कोणीतरी खोकलं. आधी दोनदा बारीक, मग एकदा मोठ्याने. कीथ असाच खोकायचा.

१२ मार्च
सकाळचे दहा. लख्ख ऊन. पाइपातून तो म्हणाला, चहात साखर कमी आहे. तीन चमचे साखर पिणारा माणूस मला एकच माहीत. तीन चमचे साखर नेऊन टाकली. भीती वाटायला हवी होती. मला नुसता आनंद झाला.

१५ मार्च
डल्सीने कुंपणावरून मला बोलताना पाहिलं. पाइप उपटून टाक म्हणाली, नाहीतर मीच कुदळ घेऊन येते. मी तिला नाही नाही ते बोलले. कीथला दुसऱ्यांदा घालवू? शक्य नाही.

१६ मार्च
त्याला विचारलं— हॉस्पिटलात माझा हात धरून शेवटी काय म्हणाला होतास? आतून आधी नुसता खोकला. मग लाडीगोडीने— साखर कमी आहे, एनिड.
एनिड.
हा कीथ नाही. कधीच नव्हता.

१७ मार्च
पाइपात आज दोन आवाज. दुसरा बाईचा— माझा. ब्रशात माझेही केस होते—
घसा सकाळपासून बसलाय. चूळ भरली. बेसिनात ओली माती.

१८ मार्च
डल्सी फाटकाशी. कुदळ आणलीय. मला हाका मारतेय. पळ म्हणायचंय— तोंडातून हवा फक्त—
पाइपातून उत्तर गेलं. माझ्या आवाजात. ये गं डल्सी, चुकलं माझं, चहा टाकलाय, बूट वाफ्याशीच काढ—
ती हसतेय. कुदळ ठेवली. वाफ्याशी बसून बूट—
खिडकीची काच वाजवली, बघत नाही. वही फेकते तिच्यापुढे. डल्सी, हे वाच, मागे फिर, तुला बोलावतेय ती मी ना—